राणीसरकारची काळजे

सन 1896 च्या ऑक्टोबरात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले, त्याच सुमारास शहरात प्लेगने पाय रोवले, आणि या दोन वार्तांचा विवाह लावून लोकप्रतिभेने असा सिद्धान्त प्रसवला की, राणीसरकारच्या क्रोधशमनार्थ रयतेची काळजे विलायतेस रवाना व्हावयाची असून ती काढण्याचा कारखाना म्हणजेच आर्थर रोडचे इस्पितळ. एवढ्या लांबच्या जलप्रवासात काळजे टिकणार कशी, ही क्षुद्र शंका कोणास शिवली नाही. 29 ऑक्टोबरास गिरणीकामगारांचा जमाव इस्पितळावर चालून गेला.

विद्वज्जनांनी या अज्ञानाबद्दल यथेच्छ हळहळ व्यक्त केली. परंतु नोटिशीच्या जोरावर घरात शिरून रोग्यास बळजबरीने उचलून नेणारे, आणि बहुधा त्याच्या मृत्यूची वर्दी तेवढी घरी पोचविणारे खातेच अफवेला बिनव्याजी भांडवल पुरवीत होते, हे दफ्तरी नोंदवावे कोणी? जाहीरनाम्यावर शिक्का उमटला की शंका मिटली, ही अंमलदारांची श्रद्धा काळजांच्या कथेहून तसूभरही कमी भाबडी नव्हती.

त्या मानाने हाफकिन नावाचे परदेशी शास्त्रज्ञ अगदीच अव्यवहारी! खुलासा नाही, खंडन नाही. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी आपली नवी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ही रीत पुढे कोणत्याही खात्याच्या नियमावलीत शिरली नाही यात नवल ते काय. एरवी प्रत्येक साहेबास आपल्याच सरकारी इस्पितळात जाऊन निजावे लागले असते.