निसर्ग फुकट, जगणं विकत

आइसलंडमध्ये धबधबा बघायला तिकीट नाही. धबधब्याजवळ गाडी उभी करायला मात्र पैसे. ओलं होऊ नये म्हणून जाकीट घ्या, त्याचे पैसे. तरीही ओले झालात की कॉफी प्या, तिचे तर इतके पैसे की आमच्या काकूंनी रिकामा कपसुद्धा दोन्ही हातांत धरून ठेवला. "गरम आहे तोवर वसूल करते," म्हणाल्या. निसर्ग फुकट आणि त्यातून धडधाकट बाहेर पडणं विकत, एवढंच या देशाचं अर्थशास्त्र.

देश महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, माणसं चार लाखांच्या आत. उरलेल्या जागेत ज्वालामुखी, हिमनद्या, मेंढ्या आणि वारा राहतात. यांतला सगळ्यात उद्योगी नागरिक म्हणजे वारा. त्याची ओळख विमानतळावर भाड्याची गाडी घेतानाच झाली. काऊंटरवरच्या मुलीने विचारलं, "वाळू आणि राखेचा विमा घेणार का?"

"राख? कसली राख?" काकांनी विचारलं.

"ज्वालामुखीची," ती म्हणाली आणि पुढचा कागद काढला.

काका म्हणजे माझे चुलत सासरे, बँकेतून निवृत्त झालेले. बारीक अक्षरातला मजकूर दिसला की त्यांचा थकवा उतरतो. त्यांनी सगळा करार उभ्याने वाचला आणि जाहीर केलं, "जावईबापू, राख अंगावर आली तर विमा आहे. वाऱ्याने दार उखडलं तर मात्र आपण आणि आपलं नशीब." तेव्हापासून गाडी वाऱ्याकडे तोंड करूनच लावायची आणि दार दोन्ही हातांनी धरूनच उघडायचं, असा हुकूम सुटला. शिवाय काकांनी एक वही घातली. प्रत्येक ठिकाणापुढे खर्च लिहायचा आणि तो वसूल झाला की नाही, याचा शेरा मारायचा.

पहिली नोंद थिंगवेट्लिरची. इथे उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा असे दोन भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात. मधल्या खचलेल्या भागात या लोकांनी इ. स. ९३० मध्ये आपली सभा भरवली, ती आल्थिंग. पायाखालची जमीन दुभंगत असताना वर उभं राहून जमिनीचे तंटे सोडवायचे, याला छाती लागते. त्याच भागातल्या सिल्फ्रा नावाच्या भेगेत पाण्यात उतरता येतं. पाणी लांगयोकुल हिमनदीचं. लाव्हाच्या खडकांतून झिरपत यायला त्याला कित्येक दशकं लागतात, म्हणून ते असं नितळ की शंभर मीटरपर्यंतचं दिसावं. तापमान २ ते ४ अंश. पाणी आत शिरू नये असा सूट चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरवायला तीन. सगळं अंग झाकलेलं, उघडे फक्त ओठ. आत निळाईचे असे थर की थंडीचा विसर पडावा. पडतो, पण ओठांना पडत नाही. बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "कसं होतं?" मला 'अप्रतिम' म्हणायचं होतं, पण सबंध पवर्ग गोठलेला. तोंडातून जे निघालं त्यावर काकू बायकोला म्हणाल्या, "अगं, याला आधी चहा दे."

स्ट्रोक्कुर हे गरम पाण्याचं कारंजं. दर सहा ते दहा मिनिटांनी ते उकळतं पाणी वीसेक मीटर उंच फेकतं. भोवती दोरी आणि दोरीमागे पाचपन्नास माणसं मोबाइल उंचावून उभी. हात दुखून कुणी मोबाइल खाली घेतला की कारंजं उडालंच. काका घड्याळ लावून बसले आणि त्यांनी त्याचं वेळापत्रक बसवलं. स्ट्रोक्कुरने ते मानलं नाही. वारा कुठून येतोय ते न बघता जी मंडळी उभी राहतात, त्यांना गंधकाच्या वाफेची आंघोळ घडते. वहीत शेरा पडला : "फुकट. पण वेळ पाळत नाही."

दक्षिण किनाऱ्यावरचा सेल्यालान्सफॉस हा ६० मीटरांचा धबधबा. त्याच्या मागून चालत जाता येतं, हे त्याचं वैशिष्ट्य. समोरून भिजलेला माणूस मागून कोरडा राहिलेला असतो, ती उणीव इथे भरून निघते. काकूंनी पुण्याहून घडीची छत्री आणली होती. छत्री आधी उलटी झाली, मग सुलटी झाली, मग गेली. आइसलंडचे लोक छत्री का वापरत नाहीत, हे त्यानंतर कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

रेनिसफ्याराचा काळा किनारा मात्र थट्टेचा नाही. शांत दिसणाऱ्या समुद्रातून मध्येच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा कितीतरी आत येते आणि माणसाला ओढून नेते. इथे जीव गेलेले आहेत. धोक्याची पातळी दाखवणारे दिवे आणि फलक ठळक लावलेत, तरी त्याच फलकाला टेकून, समुद्राकडे पाठ करून फोटो काढणारे महाभाग भेटतातच. काका मात्र फलक वाचण्यात तरबेज. सगळा वाचून त्यांनी आम्हाला पार वरच्या वाळूत उभं केलं आणि मग ते कड्याकडे वळले. बेसॉल्टचे षट्कोनी खांब एकाला एक लागून उभे. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि असा तडकतो.

"हे अंधेरीत आहे," काका म्हणाले.

"काहीतरीच," काकू म्हणाल्या.

पण काकांचं खरं होतं. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच जातीच्या खांबांची आहे आणि सगळा सह्याद्रीच अशा लाव्हाचे थर साचून घडलेला. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा. आइसलंडचा जुन्यात जुना खडकही दीडेक कोटींच्या आसपासचा, म्हणजे नात्याने आपण वडीलधारे. काकूंना वडीलकीचं कौतुक नव्हतं. "मग लोकलच्या तिकिटात झालं असतं की!" एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी वहीत काकांनी शेरा लिहिलाच नाही.

सोलहेमायोकुल ही हिमनदी. बुटांना लोखंडी दात बांधून, वाटाड्याच्या मागून रांगेत चालायचं. पाय फाकून आणि आपटून टाकायचा, म्हणजे दात रुततात. काकू म्हणाल्या, आयुष्यभर 'पाय आपटू नकोस' ऐकलं, इथे पैसे भरून तेच करायला सांगतात. बर्फ पांढराशुभ्र असेल या समजुतीने गेलेल्यांचा हिरमोड होतो, कारण त्यात ज्वालामुख्यांच्या राखेचे काळे पट्टे असतात. २०१० साली ज्याच्या राखेने युरोपची विमानं जमिनीवर बसवली, तो एयाफ्यात्लायोकुल इथून शेजारीच. हिमनदी दरवर्षी मागे हटते आहे. जवळच्या शाळेतली मुलं २०१० पासून दर वर्षी येऊन ती किती हटली ते मोजतात. त्यांची मोजपट्टी दर वर्षी लांब होत जाते. इथे काकांनी वही उघडली आणि खर्चाचा आकडा न लिहिता मिटली.

खरा धाडसी अनुभव मात्र नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर मिळतो. पाण्यात क्लोरीन कमी, म्हणून आत शिरण्याआधी साबणाने आंघोळ सक्तीची, तीही अंगावर एक धागा न ठेवता आणि बाकीच्या मंडळींच्या साक्षीने. पुरुषांची सोय वेगळी, बायकांची वेगळी, हाच काय तो दिलासा. भिंतीवर मनुष्यदेहाचं चित्र आणि साबण कुठे कुठे लागला पाहिजे त्या जागा रंगवलेल्या. काकांनी नदीवर, विहिरीवर, वसतिगृहात जन्मभर पंचा नेसून आंघोळ केलेली. त्यांनी पंचा पुढे केला. रखवालदाराने पंच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि चित्राकडे बोट दाखवलं. पुढचा भाग मी पाहिला नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

पण नंतर उघड्यावरच्या गरम कुंडात बसलो, तेव्हा सगळं भरून पावलं. पाणी चाळीस अंश, डोक्यावर बोचरा वारा आणि भोवती गळ्यापर्यंत बुडून राजकारण बोलणारी गावची माणसं. काकांना तिथे एक निवृत्त गृहस्थ भेटले. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या तीन मोठ्या बँका आठवड्याभरात कोसळल्या आणि पुढे काही बड्या बँकवाल्यांना तुरुंगही झाला, हे त्यांनी सांगितलं. "तुरुंग? खरोखरचा?" काकांनी तीनदा विचारून घेतलं. पुढचे दोन तास ते कुंडाबाहेर आले नाहीत. प्रसिद्ध ब्लू लगूनचं पाणी शेजारच्या भूऔष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडलेलं असतं, हे कळल्यावर त्यांनी गावातला तलावच बरा ठरवला. सगळ्या प्रवासात 'पूर्ण वसूल' हा शेरा या एकाच जागेला मिळाला.

ध्रुवीय प्रकाशाबद्दल एक सूचना. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन तो मागू नका. तेव्हा तिथे पुरती रात्रच होत नाही. सप्टेंबर ते एप्रिल हा त्याचा हंगाम. आम्ही सप्टेंबरात गेलो होतो. हवामान खातं शून्य ते नऊ अशी त्याची पातळी सांगतं, पण ढग असले तर नऊसुद्धा व्यर्थ. प्रकाश आला तेव्हा डोळ्यांना करडा दिसत होता आणि मोबाइलमध्ये हिरवा. "माझा चष्मा बदलायला झालाय का?" असं काकू विचारत होत्या, तेवढ्यात सगळं आकाश हललं आणि डोळ्यांनाही हिरवं दिसलं. "अगं बाई!" म्हणून त्या दोन मिनिटं गप्प राहिल्या. मग विचारलं, "हे किती वेळ चालतं? पाय गारठलेत." काकांनी वहीत खर्च लिहिला : शून्य.

या देशात आणखी एक गोष्ट फुकट आहे. हिमवादळात गाडी रुतली, कड्यावर पाय मोडला, धुक्यात वाट चुकली, की ११२ वर फोन करायचा. जे धावून येतात ते पगारी नोकर नसतात. सुतार, शिक्षक, दुकानदार अशी गावचीच माणसं हातातलं काम टाकून निघतात. सुटकेचं बिल लावत नाहीत. पथकांचा बराचसा खर्च वर्षअखेरीला फटाके विकून निघतो. त्यांना निघावं लागतं ते पुष्कळदा फलक न वाचणाऱ्या पाहुण्यांसाठी.

तेव्हा आइसलंडला जरूर जा. छत्री घरी ठेवा, समुद्राकडे पाठ करू नका, निघण्याआधी रस्त्यांची आणि वाऱ्याची खबर घ्या. बेतात एखादा दिवस रिकामा ठेवा आणि वादळ असेल तेव्हा खोलीत बसून मेतकूट-भात खा. बाकी सगळं मनसोक्त वसूल करा. ही एक फुकटची सेवा मात्र न वापरता परत या.