अभिजाततेची निगा

जुने वैचारिक पुस्तक लवकर शिळे होते, हा समज निदान मराठीत तरी खोटा ठरला आहे. आणि त्याचे श्रेय लेखकांपेक्षा समाजाला द्यायला हवे. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' 1883 सालचा. त्यातले कर्ज, कचेरीतली अडवणूक, पावसाचे पाणी बांध घालून अडवण्याची सूचना, सगळे आज सकाळच्या वर्तमानपत्राइतके ताजे. एखाद्या सरकारने भलता उत्साह दाखवला असता, तर हे पुस्तक केव्हाच इतिहासाच्या कपाटात गेले असते. सुदैवाने तसा अविचार कोणत्याच पक्षाने केला नाही. ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्रीपुरुष तुलने'ची (1882) निगा तर आपण घरोघरी राखतो, तीही विनाअनुदान.

काळजी वाटते ती बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ची (1857). विधवांचे केशवपन बंद पडले आणि कादंबरीच्या तेवढ्या भागाला तळटीप लावायची पाळी आली. सुधारकांनी वाङ्मयाची केलेली ही हानी भरून न येणारी आहे. यापुढे प्रत्येक सामाजिक सुधारणेस विद्यापीठाच्या मराठी विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचे करावे, ही नम्र विनंती.

तरी वाचकांनी अगदीच खचू नये. विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने केला, तो 2022 साली. म्हणजे पदमनजी तिथे 165 वर्षे टवटवीत होते. बऱ्याच गावांत तर त्यांची पहिलीच आवृत्ती अजून चालू आहे.