वीस केबीत सही बसवा!

निफाड तालुक्यात हंगाम तीन. द्राक्षांचा, कांद्याचा आणि भरतीचा. पहिल्या दोन्हींत माल जितका फुगेल तितका भाव चांगला. तिसऱ्यात सगळं उलटं.

बँकांच्या भरतीचा आयबीपीएसचा अर्ज घ्या. फोटो २० ते ५० केबी. सही १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी. स्वतःच्या हातानं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ५० ते १०० केबी. आणि पोराच्या मोबाइलमधला फोटो तीन-साडेतीन एमबीचा, म्हणजे परवानगीच्या साठ-सत्तर पट. मोबाइलवाले दरवर्षी मेगापिक्सेल वाढवतात, अर्जवाले केबी सोडत नाहीत आणि दोघांच्या भांडणात उमेदवार चेपला जातो.

बरं, लहान करावं तर तेही जपून. सहीसाठी १४० बाय ६० पिक्सेल हे पसंतीचं माप सांगितलेलं असतं. त्या मापात आणली की सही कधीकधी १० केबीच्याही खाली जाते आणि अर्ज पुन्हा नाही म्हणतो. त्यामुळे फोटोचे केबी कमी करून देणाऱ्या साइट आहेत तशा वाढवून देणाऱ्याही आहेत. त्यांनाही गिऱ्हाईक आहे!

मग कॉम्प्युटरवर शोधाशोध सुरू होते. 'फोटो ५० केबी करणे' असं टाकायचं आणि पहिलं येईल ते उघडायचं. पानावर 'डाउनलोड' लिहिलेली चार बटणं. सगळ्यांत मोठं, हिरवंगार, बाणासकट नाचणारं बटण जाहिरातीचं असतं. खरं बटण खाली, राखाडी अक्षरांत, अंग चोरून उभं. घाईत हिरवं दाबलं जातं. त्यानंतर 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट'. त्यातल्या एका पायरीवर चार चौकोनांत टिकमार्क आधीच केलेले असतात, ते वाचायला वेळ कुणाला? पाच मिनिटांनी फोटो आहे तेवढाच राहतो. ब्राउझरला मात्र नवं तोंड फुटतं, कोपऱ्यात हवामान दिसू लागतं आणि 'तुमच्या पीसीत शेकडो दोष सापडले आहेत' असं रोज सकाळी सांगणारा एक डॉक्टर घरात मुक्कामाला येतो. फी भरली तरच तो औषध देतो.

काही जण म्हणतात, डाउनलोडची भानगडच नको, ऑनलाइन करू. म्हणजे आधार, दहावीची गुणपत्रिका, सही आणि अंगठा असा सगळा ऐवज कुठल्या देशात बसलेल्या कुणाच्या सर्व्हरवर जातो ते देवाला ठाऊक. शेजारच्या बांधावरच्या भावाला साधा कागद दाखवताना दहा वेळा विचार करणारी आपण माणसं इथे अख्खी फाइल देऊन मोकळी होतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं फुकट फाइल-कन्व्हर्टरपासून सावध राहा, असा इशारा दिला होता. काही साइट काम करून देतात आणि वर व्हायरसही देतात, असा त्याचा मथितार्थ. फोटो केबीत बसला, खातं मात्र रिकामं झालं, तर तक्रार कुणाकडे करणार?

गंमत म्हणजे चांगली हत्यारं आहेत आणि ती खरोखर इवलीशी आहेत. इरफानव्ह्यू घ्या. बोस्नियात जन्मलेल्या इरफान स्किल्यान नावाच्या एका माणसानं १९९६ साली ते आणलं. काही एमबीचं प्रकरण, पण फोटो कापतं, लहान करतं, आणि शंभर फोटो एका दमात उरकतं. घरगुती वापराला फुकट, धंद्याला परवाना. फोटोमागे पैसे घेणाऱ्या केंद्रांनी ही दुसरी ओळ वाचायचं टाळलेलं दिसतं. फाइली दाबून एकत्र करायला इगोर पावलोव यांचं सेव्हन-झिप १९९९ पासून फुकट आहे. तरी आपल्याकडे लाडका विनरार. त्याची चाचणीची मुदत ४० दिवसांची. निफाडात ती पंधरा-पंधरा वर्षं चालते. आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरंच' या नावांच्या गर्दीतून हवी ती फाइल काढायला 'एव्हरीथिंग' नावाचं एक चिमुकलं आहे. नावातली चार अक्षरं टाका, अख्खी डिस्क क्षणात समोर.

न्यायमूर्ती रानडे १८४२ साली निफाडात जन्मले. त्या अर्थशास्त्रज्ञाच्या गावाला फुकटाचा हिशेब निराळा शिकवायला नको. जो फुकट देऊन गप्प बसतो, तो बहुधा खरंच फुकट देतो. जो फुकट म्हणून ओरडतो, तो वसुली दुसऱ्या खिशातून करतो. यालाही अपवाद आहेतच. २०१७ साली सीसीक्लीनर या नावाजलेल्या सफाईवाल्याच्या खुद्द अधिकृत आवृत्तीतच चोरांनी घाण मिसळली होती. म्हणून गरज असेल तेवढंच घ्यावं, ज्याचं त्याच्याच मूळ साइटवरून घ्यावं आणि काम झालं की काढून टाकावं.

या कामाला तर काहीच घ्यायची गरज नाही. पेंट हा प्रोग्रॅम १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून सोबत आहे. फोटो उघडा, कडा कापा, 'रिसाइझ'मध्ये पिक्सेल निवडून आकडे टाका आणि जेपेग म्हणून सेव्ह करा. झालं! हे ज्ञान गुप्तही नाही. आयबीपीएसच्या सूचनापत्रातच पेंट वापरा असं लिहिलेलं असतं. फक्त ते इंग्रजीत, बारीक टायपात आणि शेवटी. त्याच ओळीत दुसरा पर्याय म्हणून ऑफिस पिक्चर मॅनेजरचंही नाव असायचं. मायक्रोसॉफ्टनं ते ऑफिस २०१३ मधून काढून टाकलं, तरी त्यानंतरच्या कित्येक सूचनापत्रांत ते तसंच छापून येत राहिलं. उमेदवाराला चालू घडामोडी विचारणाऱ्यांच्या घरची ही चालू घडामोड!

आता एक बाळबोध शंका. फोटो ५१ केबीचा आहे हे ज्या सर्व्हरला डोळ्याची पापणी लवण्याआधी कळतं, त्याला तो ५० चा करून घेणं कितीसं जड जाईल? मोबाइलवर फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो न विचारता लहान करतंच की. पण पोर्टलनं हे एवढं काम स्वतः केलं, तर उमेदवाराची पहिली चाळणी लावायची कशी? लेखी परीक्षा पुढे होईल तेव्हा होईल. तूर्त पद कारकुनाचं आहे, आणि कारकुनी किती जमते ते अर्जातच पाहून घेतलेलं बरं.