मापं घेऊन झाली
शेअरबाजारात शिंप्याचं डोकं लागतं, हे मला उशिरा कळलं. चार्टवर दोन खांदे, मध्ये डोकं, खाली गळ्याची रेघ. डोकं 1200 वर, गळा 1000 वर, उंची 200. भाव गळ्याखाली घसरला की 1000 मधून तेच 200 वजा करायचे. टार्गेट 800! एवढी वजाबाकी चौथीतलं पोरही करील, फक्त ते कोर्सची फी घेत नाही. आणि भाव उलटा 1100 वर चढला तर? मग ते डोकं नव्हतंच म्हणे, कपाची दांडी होती. (कप चार्टवर, चहाचे पैसे आपले.) सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर 100 वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 जणांनी तीन वर्षांत पैसे घालवले.