माप घ्या, पण आकडा सांगू नका

(साताऱ्यातलं गल्लीतलं लेडीज टेलरचं दुकान. दिवाळी तोंडावर आलेली. भिंतीवर 'अर्जंट ऑर्डर घेतली जाणार नाही' अशी पाटी, आणि तिच्याखाली अर्जंट ऑर्डरींचा ढीग. टेलरमास्तर गळ्यात टेप अडकवून हुक लावत बसलेत. ऑनलाइनवाल्या वहिनी दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन येतात.)

मास्तर : या वहिनी! वर्षभर दर्शन नाही. म्हटलं साहेबांची बदली झाली की काय.

वहिनी : बदली माझी झाली. मी ऑनलाइनवर गेले.

मास्तर : असं होय. मागच्या दिवाळीचा ब्लाउज...

वहिनी : संक्रांतीला मिळाला. म्हणूनच गेले.

मास्तर : चहा सांगू?

(तारखेचा विषय निघाला की टेलर चहा सांगतो. याला अपवाद ऐकिवात नाही.)

वहिनी : चहा नको, हे बघा. चार कुर्ते. चारही एम. हा पहिला डोक्यातून खालीच उतरत नाही. ह्या दुसऱ्यात मी आणि माझी जाऊ दोघी एकदम मावतो, आणि आमचं बोलणं बंद आहे. तिसरा छातीत होतो, दंडात अडकतो. हा चौथा मात्र अगदी छान बसतो.

मास्तर : मग चौथा कशाला आणलात?

वहिनी : तो बसला म्हणून त्याच्याच जोडीचा दुसऱ्या रंगात मागवला. तोच फोटो, तोच विक्रेता, तोच एम. फक्त रंग मोरपंखी. तो हा पाचवा. हा होत नाही.

मास्तर : होणार कसा? रंग बदलला की लॉट बदलला. पहिला लॉट एका युनिटात शिवला असेल, दुसरा भलत्याच. कापडही धुऊन-रंगवून सगळं सारखं आटत नाही.

वहिनी : तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर म्हणता मी मोबाइलला हात लावत नाही.

मास्तर : मोबाइलला नाही, कात्रीला लावतो. हे दुकान टाकायच्या आधी अंधेरीला एक्स्पोर्टच्या कारखान्यात कटिंगला होतो. तिथे कापडाचे शंभर-शंभर पदर एकावर एक अंथरतात आणि वरून मशीन फिरवतात. पदर सरकला, पातं तिरकं गेलं, की वरच्या तुकड्यात आणि खालच्या तुकड्यात फरक पडतो. अर्ध्या इंचाचा फरक तर साहेबलोक पासच करायचे.

वहिनी : म्हणजे मी कितव्या पदरातली, हे घरबसल्या कळायचं कसं?

मास्तर : आधी मला सांगा, तुम्ही एम का मागवता?

वहिनी : का म्हणजे? मी एमच आहे.

मास्तर : कोणी सांगितलं?

वहिनी : लग्नापासून एम आहे.

मास्तर : लग्न कधी झालं?

वहिनी : 2004 साली. पण त्याचा इथे काय संबंध?

(मास्तर टेप काढतात. वहिनी चटकन पोट आत घेऊन ताठ उभ्या राहतात.)

मास्तर : श्वास सोडा.

वहिनी : सोडलाय.

मास्तर : सोडा वहिनी, कुर्ता घालून श्वासही घ्यायचाय.

वहिनी : माप घ्या, पण आकडा मोठ्याने सांगू नका. बाहेर भाजीवाल्यापाशी आमच्या सोसायटीतल्या उभ्या आहेत.

(मास्तर आकडा वहीत लिहून वही पुढे करतात. वहिनी वाचतात आणि वही मिटून पालथी ठेवतात.)

वहिनी : तुमचा टेप जुना झालाय. आखडला असेल.

मास्तर : जुना टेप ताणला जातो, वहिनी. ताणला की माप कमी दाखवतो. म्हणजे खरं तर...

वहिनी : राहू द्या! पण मी काही आंधळेपणाने मागवत नाही हं. प्रत्येक ठिकाणी मापांचा तक्ता असतो, तो बघते. एकीकडे एम म्हणजे 36, दुसरीकडे एम म्हणजे 38. खोटं कोण बोलतं?

मास्तर : दोघंही खरं बोलत असतील. एकाने तुमच्या अंगाचं माप लिहिलं, दुसऱ्याने कुर्त्याचं. अंगापेक्षा कुर्ता दोन-चार इंच ढिला लागतोच, नाहीतर बसमधली दांडी कशी धरणार? आणि होजिअरीचं उलटं. ते ताणतं, म्हणून अंगाएवढं किंवा त्याहून कमी कापलं तरी चालतं. तक्त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कशाचं माप ते. कधी तेही नसतं.

वहिनी : पण ॲप तर एकच आहे!

मास्तर : ॲप कुठे कपडे शिवतं? कुर्ता जयपूरचा, ड्रेस मटेरियल सुरतेचं, टीशर्ट तिरुपूरचा. ज्याचा त्याचा मास्तर वेगळा आणि ज्याचा त्याचा एम वेगळा.

वहिनी : मग फोटोतल्या त्या पोरीला बरा बसतो!

मास्तर : खाली वाचलंत का? उंची पाच फूट आठ इंच. आणि तिच्या पाठीमागे चिमटे लावलेले असतात. फोटो पुढून काढतात, म्हणून झाकून जातं.

वहिनी : चिमटे? आणि मी इकडे डाएट करतेय!

मास्तर : कारखान्यातली रीत सांगतो. आधी एक मधलाच साइझ कापायचा, एका पोरीला नाहीतर पुतळ्याला घालून बघायचा. तो बसला की पुढचे सगळे साइझ कागदावर वाढवायचे. छातीला दोन इंच, कमरेला दोन इंच, खांद्याला अमुक इतकं.

वहिनी : पण मी खांद्यात कुठे वाढले?

मास्तर : तेच तर! माणूस वाढतो एका जागी, कपडा वाढतो सगळीकडे. म्हणून कमरेसाठी डबल एक्सएल घेतला की खांदा दंडावर उतरतो आणि बाही मनगटाखाली लोंबते. मग ते सगळे इकडे येतात. हल्ली माझ्याकडे शिवायला कमी आणि उसवायलाच जास्त येतं. तुमच्या त्या ॲपवर माझा धंदा चाललाय म्हणा ना.

वहिनी : सरकार काही करत नाही का? किलोला किलो, लिटरला लिटर असतो. मग एमला एम का नाही?

मास्तर : अमेरिकेच्या सरकारने करून बघितलं. आमचे एक्स्पोर्टचे साहेब सांगायचे. तिकडे टपालाने कपडे मागवायची पद्धत फार जुनी. घरी जाडजूड कॅटलॉग यायचा, त्यात बघून बायका पत्राने ऑर्डर द्यायच्या आणि बसलं नाही की परत पाठवायच्या.

वहिनी : तेव्हासुद्धा?

मास्तर : तेव्हासुद्धा! शेवटी परत आलेल्या मालाने टपालाने विकणारेच टेकीला आले. त्यांच्या संघटनेने सरकारला साकडं घातलं की काहीतरी एक माप ठरवा. त्याच्या आधी 1939-40 मध्ये सरकारने सुमारे 15,000 बायकांची मापं घेतली होती, एकेकीची 59!

वहिनी : 59? एका बाईची? तुम्ही तर माझी सहा घेता आणि त्यातली दोन विसरता.

मास्तर : ...त्या मापांच्या आधारावर 1958 साली सरकारी तक्ता निघाला. आठ नंबर म्हणजे छाती 31, कंबर साडेतेवीस. पण पाळायची सक्ती नाही. मग कंपन्यांच्या लक्षात आलं, की कपडा तोच ठेवून वरचा नंबर कमी केला तर गिऱ्हाईक आरशासमोर खूश होतं आणि दोन जोड जास्त घेतं. नंबर घसरत गेले. 1983 साली सरकारने तक्ताच मागे घेतला. साडेतेवीस कंबर असली तर आज तिकडे शून्य नंबर मिळतो, कधी डबल शून्य.

वहिनी : शून्याच्याही खाली? असल्या खोटेपणाला भुलतात तरी कशा या बायका!

(मास्तर पालथ्या घातलेल्या वहीकडे बघतात, पण बोलत नाहीत. धंदा करायचा आहे.)

मास्तर : बायकाच कशाला? साहेबांची पॅन्ट कितीची?

वहिनी : 34. कॉलेजपासून 34. त्यांना फार अभिमान आहे. ती काय, खालच्या पिशवीत आहे, पायात आखूड करायची आहे.

(मास्तर पॅन्ट टेबलावर पसरून कमरपट्ट्यावर टेप लावतात, दुप्पट करतात.)

मास्तर : साडेछत्तीस.

वहिनी : लेबलवर 34 आहे!

मास्तर : लेबल 34चंच आहे. पॅन्ट साडेछत्तीसची आहे.

वहिनी : त्यांना सांगू नका हं. रोज सकाळी त्या 34च्या जोरावर साखरेचा चहा पितात.

मास्तर : आणि शर्ट?

वहिनी : शर्ट 42.

मास्तर : ऑफिसचा, कडक कॉलरचा? तो गळा असेल, सेंटिमीटरमध्ये.

वहिनी : आणि टीशर्टपण 42 घेतात.

मास्तर : ती छाती, इंचात.

वहिनी : म्हणजे एकाच माणसाचा गळा 42 आणि छातीही 42?

मास्तर : लेबलाप्रमाणे, हो.

वहिनी : आपल्याकडे कोणी घेतलीच नाहीत का मापं? आपली शरीरं अमेरिकेसारखी थोडीच असतात?

मास्तर : घेतली की. निफ्ट आहे ना, फॅशनचं सरकारी कॉलेज, त्यांचं काम ते. 2018 साली जाहीर झालं. 15 ते 65 वयाच्या 25,000 लोकांना मशीनसमोर उभं करून मापायचं. सहा शहरं : दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग.

वहिनी : आणि सातारा?

मास्तर : सातारा नाही.

वहिनी : मुंबईच्या मापावर साताऱ्याचा कुर्ता? अन् माप मशीनने घ्यायचं?

मास्तर : मशीनच बरं. माणसाला 'आकडा सांगू नका' म्हणता येतं.

(वहिनींचा फोन वाजतो.)

वहिनी : हॅलो... हो, रिटर्नचं पार्सल... कारण? अहो, टाकलंय ना, 'साइझ लहान आली'. माझं काही वाढलेलं नाही, साइझ लहान आली... टॅग? टॅग मी काढला. मानेला टोचत होता... अहो पण... (फोन ठेवून) म्हणे टॅगशिवाय घेत नाही.

मास्तर : बरोबर आहे त्याचं. टॅगवरच तर सगळी मेख असते. नुसतं एम लिहून भागत नाही, सेंटिमीटरमध्येही माप द्यावं लागतं, वजनमापाचा तसा नियम आहे. 38 इंच म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर. तेवढंच एक काय ते कामाचं, आणि तेच तुम्ही कापून टाकलंत.

वहिनी : म्हणजे पैसे गेले?

मास्तर : ह्याचे गेले. पुढच्या वेळी मागवताना त्या मापाच्या तक्त्याचा फोटो काढून ठेवा. कुर्ता आला की घालून बघायच्या आधी टेप लावा. वर दाखवलं एक आणि आलं दुसरं, तर विक्रेत्याला परत घ्यावंच लागतं. ऑनलाइन विक्रीचे 2020चे नियम आहेत. पण तुम्ही टेप न लावता एम मागवलात आणि एमच आला, तर भांडणार कशावर?

वहिनी : माझी भाची दोन-दोन साइझ मागवते आणि एक परत करते.

मास्तर : करू दे. त्या पार्सलांची ने-आण कोणीतरी किमतीत धरलेलीच असते. तुम्ही एक करा. हा चौथा बसतो ना? घरी तो जमिनीवर सपाट पसरा. काखेपासून काखेपर्यंत टेप धरा, दुप्पट करा, लिहून ठेवा. तसंच खांदा, दंड, लांबी. पुढे मागवाल तो कपडा या मापाशी जुळवा. वरचं अक्षर वाचूच नका.

वहिनी : आणि ह्या बाकीच्यांचं काय करू?

मास्तर : दुसरा बारीक करून देतो. तिसऱ्याला काखेत कळी घालतो. पहिला आणि मोरपंखी मात्र सोडा.

वहिनी : थोडा सैल करा ना! तुमचे ब्लाउज नाही का दरवर्षी सैल करत?

मास्तर : माझ्या ब्लाउजात दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवलेली असते, वहिनी. हे बघा, उलटा करा. कडेला ओव्हरलॉक मारून पाव इंच कापड सोडलंय. रेडीमेडवाले मायेला जागा ठेवत नाहीत, कापड वाचतं त्यांचं. मोठं लहान होतं, लहान मोठं होत नाही. म्हणून सांगतो, थेट एक्सएल मागवा. मी आत घेऊन देईन.

वहिनी : एक्सएल? दोरीवर वाळत टाकले की सगळ्यांना लेबल दिसतं.

मास्तर : मग लेबल काढून टाका.

वहिनी : लेबलच नाही म्हटल्यावर तर सगळ्या वाटेल तो अंदाज बांधतील!

(मास्तर ड्रॉवरमधून बिस्किटाचा जुना डबा काढून झाकण उघडतात. आत गिऱ्हाइकांनी 'टोचतं' म्हणून कापायला लावलेली लेबलं, सगळ्या अक्षरांची.)

मास्तर : सांगा, कुठलं लावू? एम देऊ?

वहिनी : (डब्यात बोट फिरवत) एस आहे का?

मास्तर : आहे. दहा रुपये वेगळे पडतील.