ण वरून मुलीचं नाव

आमच्या घराण्यात मला संस्कृत येतं असा एक जुना गैरसमज आहे. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणता म्हणता गुरुजी श्वास घ्यायला थांबले आणि मागून मी पुढचा शब्द पुरवला, तोही नेमका माईकजवळ. झालं! तेव्हापासून वास्तुशांतीच्या पत्रिकेपासून शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या नावापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. त्यामुळे त्याच पुतण्याला मुलगी झाली तेव्हा ‘काका, सोसायटीत कुणाचं नसेल असं नाव शोधा, अर्थासकट,’ असा फोन येणार हे ठरलेलंच होतं. मी लगेच माळ्यावरून आपट्यांचा कोश काढायला गेलो आणि स्टुलावरून पडलो. कोश शाबूत आहे.

पत्रिका करणाऱ्या गुरुजींनी सांगितलं, हस्त नक्षत्र, तिसरा चरण. अवकहडा चक्रात हस्ताच्या चार चरणांना पू, ष, ण, ठ अशी अक्षरं दिलेली आहेत. म्हणजे आमच्या वाट्याला ण. बाणातला ण! हा ण शब्दाच्या पोटात आणि शेपटाकडे मजेत राहतो, पण तोंडाशी यायला तयार नसतो. प्राकृतात त्याची चंगळ आहे, जैनांचा णमोकार त्याच्यापासूनच सुरू होतो; पण प्राकृत मला संस्कृतइतकंही येत नाही. तरी हार न मानता मी रात्री जागून ‘णमिता, णंदिनी, णलिनी’ अशी यादी घरच्या ग्रुपवर टाकली. सकाळी बहिणीचा फोन. ‘दादा, कवळी परत निसटली का रे?’

गुरुजींना विचारलं तर म्हणाले, ‘अहो, ते जन्मनाव. पत्रिकेत राहील. व्यवहारात हवं ते ठेवा.’

मग मी थेट ऋग्वेदाला हात घातला. घोषा, अपाला, विश्ववारा, लोपामुद्रा, सगळ्या सूक्तं रचणाऱ्या बायका. सोसायटीतच काय, अख्ख्या पिनकोडात सापडायच्या नाहीत. बाळ बघायला सगळे जमले होते, ताटं वाढली होती, आणि अपालाची गोष्ट तिथेच सांगायची दुर्बुद्धी मला झाली. तिला त्वचारोग होता, म्हणून नवऱ्याने टाकलं होतं, मग इंद्राने तिला रथाच्या भोकातून ओढून काढलं आणि कातडी सोलली जाऊन ती झळाळू लागली, असं मी रंगात येऊन सांगत होतो. सूनबाईने पानातली भाजी हळूच बाजूला सारली. घाईघाईने घोषाकडे वळलो, तर तिलाही तोच आजार. तिला अश्विनीकुमारांनी बरं केलं, हे ऐकायला कुणी थांबलं नाही.

लोपामुद्रा मात्र थोडक्यात हुकली. सूनबाई अमरावतीकडची. अगस्त्याने वेगवेगळ्या प्राण्यांचं उत्तम उत्तम घेऊन लोपामुद्रा घडवली आणि विदर्भाच्या राजाच्या घरी वाढवली असं महाभारतात आहे, हे ऐकल्यावर तिचा चेहरा खुलला. रुक्मिणी, दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा, सगळ्या तिच्या माहेरच्या! पण पुतण्या बँकेत. तो म्हणाला, ‘काका, लाडाने काय म्हणायचं? लोपा म्हटलं तर गायब झाल्यासारखं वाटतं. आणि मुद्रा म्हटलं की मला कर्जाची फाइल दिसते.’ सूनबाईनेही जड मनाने भर घातली, ‘अन् शाळेत बाई पूर्ण नाव घेईपर्यंत तास संपून जाईन, काका.’

मग चंद्राकडे वळलो. वेदांत पौर्णिमेची देवता राका. राका! आमच्या पिढीने पाहिलेल्या सिनेमांत हा इसम घोड्यावरून येऊन गाव लुटायचा. अमावस्येला चंद्राची पुसटशी रेघ दिसते तेव्हाची देवता सिनीवाली. लेकरं दे म्हणून तिची प्रार्थना केलेली आहे, म्हणजे बारशाला किती समर्पक! आईला कमी ऐकू येतं म्हणून मी तिच्या कानाशी जाऊन ओरडलो. आईने कपाळाला हात लावला. ‘अरे, चांगल्या घरातली पोर. सिनेमावाली कशाला म्हणतोस?’

शेवटचा उपाय म्हणून मी मनुस्मृती उघडली. मुलीचं नाव उच्चारायला सोपं, कानाला गोड, स्पष्ट अर्थाचं आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं, असं मनू म्हणतो. इथपर्यंत ठीक होतं, हसतमुखाने वाचून दाखवलं. त्याच भरात पुढचंही वाचलं: नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी यांची नावं असलेली मुलगी करू नये. समोर आई बसली होती, गोदावरी. तिच्या शेजारी काकू, रेवती. मावशी, मैना. दारात चहाचा ट्रे घेऊन माझी बायको, रोहिणी.

‘म्हणजे आपलं लग्न चुकलंच म्हणायचं,’ ती म्हणाली आणि माझा चहा आत घेऊन गेली.

याच शोधाशोधीत 2011 सालची एक बातमी हाताला लागली. ‘नकोशी’ किंवा ‘नकुशी’ म्हणून हाक ऐकत वाढलेल्या सातारा जिल्ह्यातल्या 285 मुलींचं पुन्हा बारसं झालं होतं. नावं त्यांची त्यांनी निवडली. कुणी वैशाली झाली, कुणी थेट ऐश्वर्या. त्यांना ना आपटे लागले, ना माझ्यासारखा काका. त्या रात्री मी कोश मिटून ठेवला.

पुतण्या तर आधीच निवांत झाला होता. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते, वर्षभरात नाव फुकट घालता येतं, पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत, हे त्याला कळलं होतं. ‘काका, सावकाश शोधा,’ तो म्हणाला. त्यात टोमणा होता हे मला अंथरुणात पडल्यावर कळलं.

बारशाला आत्याबाईंनी कुणालाच न विचारता बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी त्यांच्या पाठीत हौसेने धपाटे घातले आणि त्यांनी जाहीर केलं, ‘कुहू!’ सगळ्यांना कोकीळ आठवली. सूनबाईच्या आई तर ‘किती गोड हो!’ म्हणून डोळे पुसायला लागल्या. पण कुहू म्हणजे सिनीवालीची सख्खी शेजारीण. चंद्राची रेघसुद्धा दिसत नाही त्या ठार काळ्या अमावस्येची देवता! मी घसा साफ करून, दोन्ही हात वर करून, ‘मंडळी, कुहू म्हणजे खरं तर...’ एवढं म्हणतोय तोच बायकोने माझ्या तोंडात मूठभर सुंठवडा कोंबला.

कोरडा सुंठवडा तोंडात असताना श्वास घेऊ नये. पुढची पाच-दहा मिनिटं मी खोकत होतो, व्याही पाठ चोळत होते, पुतण्या पाणी आणायला धावला होता आणि पाळण्यात कुहू खदखदून हसतेय असं सगळे म्हणत होते. अमावस्या घशातच राहिली.