हजारात एक

जास्तीत जास्त उजेड आत यावा म्हणून आधी लाखभराची लेन्स घ्यायची, आणि तो उजेड आत येऊ नये म्हणून मग तिच्यापुढे दहा हजारांची काळी काच लावायची, हा व्यवहार ज्याला पूर्ण शहाणपणाचा वाटतो तो हा माणूस. बँकेत, कॉलेजात, आयटीत, कुठंही नोकरीला असतो. मे संपेपर्यंत चारचौघांसारखाच वागतो. घाटात पहिला पाऊस झाल्याची बातमी आली, की कपाटातून सॅक काढून कुठल्या लेन्सला बुरशी आली आणि कुठली वाचली याची मोजदाद सुरू करतो.

काचेचं नाव एनडी फिल्टर. दहा स्टॉपची असली, तर बाहेरच्या उजेडाच्या १०२४ भागांतला एकच भाग ती आत सोडते. सरकारी योजनेचा पैसासुद्धा याहून बऱ्या प्रमाणात गावापर्यंत पोचतो. पण याला हवं असतं तेच. उजेडाची अशी कोंडी झाली की शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं; एरवी १/१५ सेकंदात उरकणारा फोटो ६८ सेकंद चालतो. तेवढ्या वेळात खडक हलत नाही, पाणी मात्र कुठल्याच एका जागी सापडत नाही. त्याचे शिंतोडे, उसळ्या, आदळआपट, सगळं मिळून एक गुळगुळीत पांढरा पट्टा उमटतो. याला तो 'सिल्की' म्हणतो. म्हणताना आवाजही तसाच काढतो.

आंबोलीला वर्षाकाठी ७०० सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा याच्या फिल्टरवर पडतो. आधी ट्रायपॉड रोवायचा, फ्रेम ठरवायची, फोकस करायचा आणि तो मॅन्युअलवर टाकायचा, कारण एकदा काच बसली की व्ह्यूफाइंडरमध्ये अमावास्या. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद. व्ह्यूफाइंडरमधून उजेड आत शिरू नये म्हणून त्यावर झाकण. ते गेल्याच पावसाळ्यात दरीत गेलेलं असतं, म्हणून काळी चिकटपट्टी. मग काच, मग रिमोट, मग मोबाइलवरचा हिशेब. छत्री कॅमेऱ्यावर, स्वतः पावसात. एवढं सगळं जुळून आलं की काचेवर एक थेंब पडतो. तो पुसताना फोकसची रिंग हलते. पुन्हा ट्रायपॉडपासून सुरुवात.

ट्रायपॉड दिसला की गावातलं कोणीतरी थांबतंच.

"मोजणी कुणाची?"

"मोजणी नाही हो आजोबा, फोटो काढतोय."

"रस्ता रुंद होणार म्हणतात."

"मला नाही माहीत."

"माझा गट नंबर लिहून घ्या. मागनं म्हणू नका, सांगितला नाही."

हा मुकाट्यानं मोबाइलवर गट नंबर लिहून घेतो. आजोबांना फ्रेमबाहेर काढायचा दुसरा उपाय नसतो. मग कॉलेजची पोरं येतात. "दादा, भारी कॅमेरा आहे, आमचा एक काढा ना!" तो म्हणतो, "काढतो, पण एक मिनिट आठ सेकंद हलायचं नाही." पोरं सेल्फी काढायला निघून जातात.

लग्नानंतरचे पहिले एक-दोन पावसाळे बायको बरोबर येते.

"अहो, झालं का?"

"झालं. आता नॉइज रिडक्शन चाललंय."

म्हणजे ६८ सेकंदांचा फोटो निघाल्यावर कॅमेरा शटर मिटून घेतो, तेवढाच वेळ आणखी एक फोटो काढतो, निव्वळ काळोखाचा, आणि त्यात दिसलेले सेन्सरचे ठिपके पहिल्या फोटोतून वजा करतो. "म्हणजे काळोखाचा फोटो काढायला तुम्ही मला इथवर आणलंत," असं ती म्हणते, आणि तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर असतं. पुढच्या वर्षीपासून ती येत नाही. तिचं केसांचं रबर मात्र न चुकता येतं. पाण्यानं जाम बसलेला गोल फिल्टर त्याच्या पकडीशिवाय फिरत नाही.

सगळं सुरळीत चाललेलं असताना चाळिसाव्या सेकंदाला दरीतून धुकं वर येतं. स्क्रीनवर उमटतो तो कोरा कागद. हा तोही डिलीट करत नाही. त्याला 'मिनिमल' म्हणतो.

या जमातीत दोन पंथ आहेत: अर्धा सेकंदवाले आणि दोन मिनिटवाले. अर्धा सेकंदवाल्यांचं म्हणणं असं, की पाण्याला पोत राहिला पाहिजे, धार न् धार वेगळी दिसली पाहिजे. पावसाळी झाडीत मुळात उजेडच इतका कमी, की ओल्या खडकांची चकाकी घालवायला पोलरायझर आणि जोडीला तीन स्टॉपची काच एवढ्यावर भागतं. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर पानंसुद्धा वाऱ्यानं फरपटल्यासारखी येतात. माझ्या मते खरे तेच. पण तीन स्टॉपच्या काचेतून आरपार दिसतं, आणि आरपार दिसणाऱ्या काचेला इतके पैसे दिले हे घरी सांगायची सोय नसते. म्हणून आपला माणूस दोन मिनिटवाल्यांकडे झुकतो. त्या पंथातले नवखे वेल्डरची काच रबर बँडनं लेन्सला बांधतात. तिच्यातून फोटो हिरवा येतो. श्रावणातल्या सह्याद्रीत ते लगेच कुणाच्या लक्षात येत नाही, हा त्यातला फायदा.

आता खुद्द पाण्याविषयी. परदेशी मासिकात त्यानं आइसलंडचे धबधबे पाहिलेले असतात. आमच्याकडे मोठा पाऊस झाला की कड्यावरून गढूळ, तांबडं पाणी येतं, आणि ६८ सेकंदांच्या फोटोत ते टपरीवाल्यानं वरून पातेलं कलंडवल्यासारखं दिसतं. मग तो फोटो रातोरात ब्लॅक अँड व्हाइट होतो आणि त्याच्याखाली 'फाइन आर्ट' अशी अक्षरं येतात.

रविवारच्या गर्दीला मात्र हा कधीच वैतागत नाही. उलट दोनशे माणसं धारेखाली नाचताना बघून त्याचे डोळे लुकलुकतात, आणि शेजारी जो कोणी असेल त्याला तो दागेरची गोष्ट सांगतो. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेरनं खिडकीतून एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्सपोजर काही मिनिटांचं. घोडे, गाड्या, माणसं, सगळी हलती म्हणून सगळी नाहीशी. उमटला तो कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस. "म्हणजे काय," हा सांगतो, "नाचणारे आपोआप पुसले जातात."

नाचणारे खरोखरच पुसले जातात. उरतात ते एक काका. बनियन घातलेले, डोळे मिटलेले, हात पोटावर ठेवून भर धारेखाली ६८ सेकंद तसूभरही न हललेले. पुढच्या फोटोतही तेच. त्याच्या पुढच्याही. हाका मारून उपयोग नाही, धबधब्याच्या आवाजात त्या पोचत नाहीत. शेवटी काकांना घरी आणावं लागतं आणि तीन रात्री जागून फोटोशॉपमध्ये पुसावं लागतं. आधी पोट, मग बनियन, शेवटी डोकं.

निष्कलंक झालेला धबधबा मग सोसायटीच्या ग्रुपवर जातो. दोघं अंगठा दाखवतात. एक जण विचारतो, "एआय आहे का?" याला उत्तर म्हणून तो एक्सपोजरची सगळी माहिती टाइप करतो, ती कोणी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नातेवाइकांच्या ग्रुपवर मावशीकडून तोच फोटो त्याच्याकडे परत येतो. वर 'शुभ सकाळ', आणि काका जिथं उभे होते नेमके तिथं दोन गुलाब चिकटवलेले. तो दोन बोटांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघतो आणि बायकोला म्हणतो, "गुलाबांना मजेंटा कास्ट आहे."